पडद्यावरची पृथ्वी आणि विहिरीतली पृथ्वी

अमरकोशात पृथ्वीची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही दोन नावे आहेत. जी हालत नाही ती अचला, जी टिकून राहते ती स्थिरा. पायाखालच्या भूमीविषयी माणसाची पहिली समजूत अशीच असावयाची. घर बांधायचे, विहीर खणायची, शेताचा धुरा आखायचा, तर जमीन जागची हलणार नाही एवढा भरवसा धरूनच ही कामे होतात. आज मात्र दूरदर्शन संचासमोर बसलेल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते की पृथ्वी हलते, खंड सरकतात, समुद्राचा तळ फाटतो आणि आपला भारत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या चालीने उत्तरेकडे जातो आहे. अचलेची चला झाली, आणि ही गोष्ट घरोघर पोचवण्याचे श्रेय पुष्कळ अंशी भूशास्त्रावरील माहितीपटांना आहे.

या माहितीपटांविषयी दोन गोष्टी बोलाव्यात, असे आम्ही योजिले आहे. त्यांनी आपल्याला काय दिले, ही पहिली. आणि तिवशासारख्या गावात राहणाऱ्या माणसाला त्यांनी काय दाखवले नाही, ही दुसरी. दोहोंचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून यांतील एकही नीट कळत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. खंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 साली मांडली. तेव्हा बहुतेक पंडितांनी तिची थट्टाच केली. कारण खंडांना ढकलणारी शक्ती कोणती, याचे समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्यापाशी नव्हते. पुढे 1960 नंतर समुद्रतळाची मोजमापे हाती आली, सागरी पर्वतरांगांच्या दोन्ही अंगांना खडकांतील चुंबकत्वाचे सारखे पट्टे सापडले आणि दहा वर्षांच्या आत भूशास्त्राचा पायाच बदलला. ही क्रांती सामान्य प्रेक्षकापुढे मांडणारा पहिल्या काळातील मोठा चित्रपट म्हणजे नायजेल काल्डर यांनी बीबीसीसाठी लिहिलेला ‘द रेस्टलेस अर्थ’. त्याचे वर्ष 1972. पुढे 1986 साली अमेरिकेत ‘प्लॅनेट अर्थ’ ही सात भागांची मालिका झाली. 1998 साली बीबीसीची ‘अर्थ स्टोरी’ आली. तिचे निवेदक ऑब्रे मॅनिंग हे प्राणिशास्त्रज्ञ होते. तेव्हा भूशास्त्राच्या दृष्टीने तेही प्रेक्षकासारखेच जिज्ञासू. 2007 साली इयन स्टुअर्ट यांची ‘अर्थ: द पॉवर ऑफ द प्लॅनेट’ ही मालिका निघाली.

इकडे आपल्या राज्यात मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. विद्यापीठ अनुदान मंडळाचे शैक्षणिक कार्यक्रम 15 ऑगस्ट 1984 पासून देशभर दिसू लागले. 1990 नंतर परदेशी वाहिन्या आल्या आणि ज्वालामुखी, भूकंप, हिमनद्या हे सारे वऱ्हाडातल्या खोलीत येऊन बसले.

वरील तपशिलात 1972 हे साल दोनदा आले आहे. त्याच सालाची तिसरी आठवण महाराष्ट्राला सांगावी लागत नाही. तो दुष्काळाचा काळ. विहिरी आटल्या होत्या, आणि लक्षावधी माणसे रस्त्यांच्या नि तलावांच्या कामांवर काळा दगड फोडून खडी करीत होती. तिकडे लंडनमध्ये पृथ्वीच्या अस्वस्थतेचा चित्रपट दाखवला जात होता. इकडे त्याच पृथ्वीच्या लाव्ह्यापासून झालेला दगड माणसे पोटासाठी फोडीत होती. या दोन चित्रांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. तो संबंध सांगणे हाच आजच्या आमच्या बोलण्याचा उद्देश आहे.

माहितीपटांनी काय दिले, याचे एकच उदाहरण देतो. 13 नोव्हेंबर 1985 रोजी कोलंबिया देशात नेवादो देल रुईझ हा ज्वालामुखी जागा झाला. त्याच्या माथ्यावरचे बर्फ वितळून चिखलाचा लोंढा खाली आला आणि आर्मेरो हे गाव त्यात गाडले गेले. सुमारे 23,000 माणसे दगावली. धोका कोठे आहे याचा नकाशा शास्त्रज्ञांनी आधीच काढलेला होता. परंतु चिखलाचा लोंढा म्हणजे काय, हे नकाशाच्या रंगांवरून कोणाला उमगले नाही. मॉरिस क्राफ्त आणि कातिया क्राफ्त हे फ्रेंच दांपत्य आयुष्यभर ज्वालामुखींचे चित्रण करीत फिरले होते. मॉरिस यांनी या दुर्घटनेनंतर एक चित्रफीत करावयास घेतली. तिच्यात केवळ धोके दाखवायचे होते: राखेचे ढग कसे धावतात, चिखल कसा येतो, छपरे कशी कोसळतात. 1991 साली फिलिपाइन्समध्ये पिनातुबो धुमसू लागला, तेव्हा या चित्रफितीची अपुरी प्रत तेथील अधिकाऱ्यांना व लोकांना दाखवण्यात आली. जे कागदावरून पटत नव्हते ते डोळ्यांनी पाहिल्यावर पटले. 15 जून रोजी महास्फोट झाला, परंतु त्याआधी हजारो माणसे हलवली गेली होती. क्राफ्त दांपत्याला मात्र हे पाहता आले नाही. 3 जून रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीपाशी चित्रण करीत असतानाच त्यांचा अंत झाला होता. चित्रपट माणसे वाचवू शकतो याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तेव्हा माहितीपटांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या गुणामुळे ही चित्रफीत उपयोगी पडली, त्याच गुणात या साऱ्या माध्यमाची मर्यादाही आहे. जे एकाएकी घडते ते कॅमेरा उत्तम टिपतो. जे सावकाश घडते, किंवा काहीच न घडता नुसते थांबून असते, ते त्याला टिपता येत नाही. ते कापावेच लागते.

हे कापणे केवढे असते, याचा साधा हिशेब करून पाहू. आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तेथपासून आजपर्यंतचा काळ एका तासाच्या चित्रपटात बसवायचा म्हटले, तर एका मिनिटाच्या वाट्याला 11 लक्ष वर्षे येतात. एका सेकंदाला सुमारे 18,300 वर्षे. आपल्याकडच्या दूरदर्शनवर सेकंदाला 25 चित्रचौकटी सरकतात. म्हणजे एका चौकटीला सुमारे 733 वर्षे. आता तिवसा तालुक्यातलेच वर्धाकाठचे कौंडिण्यपूर घ्या. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची कीर्ती आहे, आणि तेथील उत्खननातून प्राचीन वसतीचे थर उजेडात आले आहेत. ही वसती अडीच-पावणेतीन हजार वर्षांची धरली, तर या चित्रपटात ती चार चौकटीही भरत नाही. पापणी लवते तोवर कौंडिण्यपूर येऊन जाईल. आणि दख्खनच्या पठाराचा सारा लाव्हा, ज्याला भूशास्त्रात ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात, एका मिनिटाच्या आत ओतून संपेल. साहजिकच तो धो धो ओतला असे दिसेल.

खरी हकीकत निराळी आहे. लाव्हा आला, थंडावला, आणि मग पुढचा थर येईपर्यंत कधी शेकडो तर कधी हजारो वर्षे गेली. एका थरावर दुसरा चढत घाटाच्या पायऱ्यांसारखी रचना झाली. ‘ट्रॅप’ हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. दोन थरांमधील या अवकाशाला आपण ‘विराम’ म्हणू. वऱ्हाडच्या भूमीचा इतिहास ज्यांनी ज्यांनी उलगडला, त्या साऱ्यांना तो या विरामांतच सापडला. आम्हाला सांगावयाची मुख्य गोष्ट हीच आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण पाहा. त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे. पण हे गृहस्थ फावल्या वेळी दगड गोळा करीत, हे थोड्यांना ठाऊक असते. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये त्यांना मातीचा एक पातळ थर आढळला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या शिंपल्या, कीटकांच्या पंखांचे अवशेष, फळे, बिया असे काय काय दगड होऊन पडलेले मिळाले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी हा शोध लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात 1855 साली प्रसिद्ध केला. अर्थ उघड होता. एक थर निवल्यानंतर त्यावर तळे साचले होते, तळ्यात गोगलगाई नांदत होत्या, काठाला झाडे होती. आणि मग पुढचा लाव्हा आला. अग्निप्रलयाच्या मध्यंतरात येथे संसार थाटले गेले होते. हिस्लॉप 1863 साली एका नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले. पुढे बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलान येथील अशाच थरांतून ताडवर्गातील झाडे आणि पाण्यावर तरंगणारे अ‍ॅझोलासारखे नेचे ओळखून काढले. लाव्ह्याचे वय काय, हा वाद दीर्घकाळ या विरामांतील जीवाश्मांच्या साक्षीवरच लढवला गेला.

अगदी अलीकडची गोष्ट सांगतो. ज्या काळी डायनोसॉर नष्ट झाले त्याच काळी हा लाव्हा वाहत होता. तेव्हा त्यांच्या नाशात दख्खनचा हात किती आणि मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीचा किती, हा जगभरच्या शास्त्रज्ञांचा वाद आहे. त्यासाठी लाव्ह्याचे वय फार काटेकोर मोजणे आवश्यक होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने त्यासाठी थरांमधली लाल माती निवडली, जिला आपण गेरूसारखी माती म्हणून ओळखतो. तिच्यातील झिर्कॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून 2019 साली त्यांनी मांडले की लाव्हा एकसंध न वाहता चार मोठ्या लाटांनी आला. त्याच वेळी बर्कली येथील गटाने लाव्ह्याच्याच स्फटिकांचे वय काढून निराळा हिशेब दिला: बहुतेक लाव्हा प्राण्यांच्या संहारानंतर बाहेर पडला. वाद मिटलेला नाही. परंतु एका गटाने आपले घड्याळ विरामात शोधले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि हे सारे दूर नागपूर-छिंदवाड्यालाच आहे असे नाही. आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर, मोर्शीच्या वर सालबर्डीला, या लाव्ह्याखालचे खडक उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनोसॉरच्या घरट्यांचे व अंड्यांचे जीवाश्म नोंदले गेले आहेत.

आता या विरामांचा आपल्या रोजच्या जीवनाशी काय संबंध? उत्तर एका शब्दाचे आहे: पाणी. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो. त्यात पाणी राहावयास जागाच नसते. भेगा असतील तेवढेच मुरते. परंतु थराचा माथा निवताना वायूचे बुडबुडे राहून सच्छिद्र होतो, पुढे विरामाच्या काळात ऊनपावसाने झिजून ठिसूळ होतो. वरच्या थराचा तळही बहुधा भेगाळलेला असतो. म्हणून पाणी साठते ते माथ्याजवळच्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यापाशी. विहीर खणणारा जुना माणूस काळा पाषाण लागला की चिंतेत पडे आणि दगडाचा रंग पालटला, ओल दिसली की हुरूप धरी. त्याला भूशास्त्र ठाऊक नव्हते. पण जेथे लाव्हा थांबला होता तेथेच झरा फुटतो, हे त्याच्या सब्बलीला ठाऊक होते. तिवशाच्या विहिरीत उतरून कडेचे थर पाहिले, तर हिस्लॉप यांनी टाकळीत जे वाचले त्याच ग्रंथाचे पान आपल्यापुढे उघडलेले असते.

जिल्ह्याच्या पश्चिमेस गेले की पृथ्वीची हीच सावकाश चाल आणखी एका रूपाने दिसते. तिवशाचे पाणी वर्धेला मिळते आणि पुढे गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला जाते. भातकुली-दर्यापूरकडचे पाणी पूर्णेला मिळून तापीवाटे अरबी समुद्राला जाते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्र गाठतो. पूर्णेचे खोरे सातपुड्याच्या पायथ्याशी हळूहळू खचत गेले आणि नदीने ते गाळाने भरून काढले. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरांहूनही खोल आहे. बारीक चिकण गाळातून पाण्याचा निचरा मंद, म्हणून क्षार साचून राहिले, आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून मोठा खारपाणपट्टा तयार झाला. वर पाहावे तो सोन्यासारखी काळी जमीन, आणि खाली पोहऱ्याला येणारे पाणी खारे. तेथील कित्येक पिढ्यांनी आकाशाकडे पाहून शेती केली, याचे कारण त्या न दिसणाऱ्या, संथ खचण्यात आहे. येथे कोणताही स्फोट झाला नाही. म्हणून कॅमेराही येथे सहसा येत नाही.

वऱ्हाडातले जे स्थान कॅमेऱ्याला भावते ते लोणार. तेही योग्यच आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जाई. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते अशनीच्या आघाताचे असल्याचे प्रस्थापित केले. क्षणार्धात घडलेली गोष्ट. पडद्यावर शोभून दिसते. परंतु लोणार हा अपवाद आहे आणि पूर्णेचे खोरे हा नियम आहे, हे पडदा सांगत नाही.

कोणी म्हणेल की थांबलेल्या भूमीचे एवढे कौतुक का? लाव्हा थांबून कोट्यवधी वर्षे झाली. आता येथे काय घडावयाचे आहे? या प्रश्नाचे उत्तर किल्लारीने दिले. दख्खनचे पठार म्हणजे अचल ढाल, अशीच विद्वानांचीही समजूत होती. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा दिला. पण तेथे धरणाच्या जलाशयाचा संबंध दाखवता आला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढे तेथे 617 मीटर खोल वेध घेण्यात आला. वरचे 338 मीटर आपलाच काळा दगड निघाला आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. विराम म्हणजे मरण नव्हे, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. भूमी थांबलेली असते तेव्हाही तिच्यात काही साठत असते: कोठे पाणी, कोठे क्षार, कोठे ताण.

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. 1972 च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींची यंत्रे गावोगाव दिसू लागली. जालना-सोलापूरकडे घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप निघाला आणि देशभर गेला. त्याने लक्षावधी घरांची तहान भागवली. त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पुढे विजेचे पंप आले, बोअर खोल गेले, आणि एका विरामातले पाणी संपले की खालच्या विरामाला हात घालण्याची रीत पडली. आपल्या शेजारच्या वरुड तालुक्यात संत्र्याच्या बागांनी वैभव आणले, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात तोच तालुका अतिशोषित म्हणून नोंदला गेला. लोक त्याला ‘डार्क झोन’ म्हणतात. जितके पाणी पावसाने मुरते त्याहून अधिक उपसा होतो, एवढाच त्याचा अर्थ.

मघाचा हिशेब येथे पुन्हा लावून पाहा. विंधन विहिरींची ही पन्नास वर्षे आपल्या एका तासाच्या चित्रपटात किती जागा घेतील? एका चौकटीचा पंधरावा भाग. ती दिसणारच नाहीत. पृथ्वीच्या बदलाचा चित्रपट पाहून उठलेल्या माणसाच्या मनात बहुधा असा विचार येतो की एवढ्या अफाट काळापुढे माणूस तो काय आणि त्याचे करणे ते काय. हा विचार नम्र दिसतो, पण तो खरा नाही. जे साठावयास लाव्ह्याचे विराम, त्यांची झीज आणि असंख्य पावसाळे लागले, ते आपण पंधराव्या भागाच्या चौकटीत उपसू शकतो. आपली पिढी पडद्यावर दिसत नसली, तरी विहिरीत दिसते.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती साधी आहे. पृथ्वीवरचे माहितीपट अवश्य पाहावे, मुलांना दाखवावे. पण त्यानंतर मुलांना घेऊन एखाद्या जुन्या विहिरीपाशी जावे. कठड्यापासून खाली माती किती, मुरूम किती, पाषाण किती, लाल थर कोठे, झरा कोणत्या सांध्यातून येतो, हे वहीत उतरून घ्यावे. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी दिवाळीनंतर एकदा आणि वैशाखात एकदा मोजावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींवर हे काम करते. तेच प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या एका विहिरीपुरते करावे. दहा वर्षांची अशी वही ज्या गावापाशी असेल, त्या गावाला नवा बोअर घ्यावा की असलेला बंद ठेवावा, हे ठरवताना पाणाड्याच्या नारळावर किंवा उमेदवाराच्या आश्वासनावर विसंबावे लागणार नाही.

माहितीपट विराम कापतो, कारण त्याला तासाभरात संपायचे असते. आपल्याला तसे संपायचे नाही. आपल्याला येथे नांदायचे आहे, आणि नांदायचे पाणी त्या कापलेल्या भागातच आहे.